झऱ्याचा तळ

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. टाळणं अवघड नव्हतं, कारण त्या दरीबद्दल लोक मला विचारत ते कौतुकानेच. आमच्या मराठी मंडळातलं कोणी सातपुड्यात सहलीला निघालं की मला हमखास फोन येतो. "ती जागा तुम्हीच बारा महिन्यांची केलीत ना?" मी "हं" म्हणतो आणि बसच्या वेळा सांगतो.

यंदा मंडळाच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला. विषयही त्यांनीच ठरवून दिला: डोंगरदरीत बारमाही पर्यटन कसं उभं करावं आणि ते टिकाऊ कसं ठेवावं. "तुमच्याइतका अनुभव इथं कोणाला आहे?" संपादकबाई म्हणाल्या. मी हो म्हटलं. भोपाळच्या कोटरा भागातल्या माझ्या घराच्या गच्चीवर दोन दिवस कोरे कागद घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आता जे लिहायला बसलोय ते खोटं असेल, आणि या विषयावरचं ते माझं दुसरं खोटं असेल.

पहिलं मी चाळिशीत लिहिलं. त्यामुळे एका माणसाची अब्रू गेली आणि घर सुटलं. दरीतल्या बंगल्याच्या केअरटेकरने तिथला झरा घालवला, असं आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधले हयात असलेले लोक आजही म्हणतात. झरा मी घालवला. अंकाला हा मजकूर चालणार नाही हे मला कळतं. तरी लिहितो.

आमचा सरकारी कारखाना लहान होता. आता तो उरलेला नाही, क्वार्टरांच्या भिंतींतून पिंपळ बाहेर आलेत. त्या काळी मात्र भोपाळच्या कडेला ते एक पूर्ण गावच होतं. शाळा, दवाखाना, क्लब, पाळीचा भोंगा, गणपतीतली नाटकं. पुण्याकडचे इंजिनियर, नागपूरकडचे कारकून आणि तंत्रज्ञ, आणि सगळ्यांच्या घरी मराठी बोलणारी आणि बाहेर पडली की हिंदीत भांडणारी मुलं. मी सिव्हिल मेंटेनन्समध्ये होतो, पाणीपुरवठ्याला. पहाटे नळ सुटला नाही तर लोक कारखान्याच्या गेटवर जात नसत, माझ्या दाराशी येत.

दर हिवाळ्यात आम्ही टाक्या धूत असू. पाणी काढून टाकायचं, माणसं आत उतरवायची, तळाचा गाळ खरवडून काढायचा, तारेच्या ब्रशाने सिमेंट दिसेपर्यंत घासायचं. मग बाहेरच्या अंगावर धुतल्याची तारीख रंगवायची. या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता असं मला वाटे. तळ उघडा झाल्याशिवाय एखादी टाकी साफ झाली असं मी कधी मानलं नाही. हे सवयीचं कौतुक म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते या सवयीतूनच झालं.

क्लबने सातपुड्यातल्या एका दरीत जुना कौलारू बंगला भाड्याने घेतला होता, कर्मचाऱ्यांचं हॉलिडे होम म्हणून. नळाचं कळतं म्हणून मला त्याचा मानद सचिव केलं. भोपाळहून निघालं की पोचायला अख्खा दिवस लागे. बंगल्याला चार खोल्या होत्या. खाली उतारावर वीस-बावीस घरांची वस्ती, आणि वर, खडकाच्या एका मोठ्या पुढे आलेल्या कपारीखाली, झरा. झरा म्हणजे उसळणारं पाणी नव्हे. दोन बैलगाड्या मावतील एवढा खळगा, त्यात गुडघाभर पाणी, आणि पाण्याखाली निळसर राखाडी, साबणासारखी गुळगुळीत माती. तिथून दगडी पन्हळीने पाणी खालच्या हौदात येई. हौदातून वस्ती भरत असे, आणि एका नळाने आमचा बंगला.

बंगल्याचा केअरटेकर माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेला, वऱ्हाडी वळणाचं मराठी बोलणारा. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणत असू, आणि स्वयंपाक बघणाऱ्या त्याच्या बायकोला वहिनी. मूलबाळ नव्हतं. तो मला पहिल्या भेटीपासून नळसाहेब म्हणायचा. मी जीपमधून उतरलो की हाक यायची, "आले का नळसाहेब! आता आमच्या ढगाले पन तोटी बसवा."

बंगला दसऱ्याला उघडे आणि होळीनंतर बंद होई. उन्हाळ्यात पाणी कमी, पावसाळ्यात वरचा रस्ता बंद. पण टाउनशिपच्या मुलांना सुट्टी मे महिन्यात. दिवाळी-नाताळला चिठ्ठ्या टाकून खोल्या द्याव्या लागत, आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही ते क्लबात मला टोमणे मारत. "सेक्रेटरीसाहेब, मे महिन्यात शाळेला सुट्टी असते ते ठाऊक होतं. झऱ्यालाही असते होय?" सगळे हसत. मीही हसे, आणि घरी येऊन बायकोवर चिडचिड करी.

एका जानेवारीत मी हे भाऊंना बोलून दाखवलं. आम्ही बंगल्याच्या ओट्यावर बसलो होतो, वहिनी बाजूला तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"बारा महिने उघडा ठेवा ना," भाऊ म्हणाले. "कोन नाई म्हनते?"

"पाणी?"

"उन्हाळ्यात दोनच खोल्या द्या. मानशी दोन बादल्या. तेवढं पानी हाय. सगळ्याइले द्याल तं नाई हाय."

"आणि पावसाळ्यात? जीप वर येत नाही."

"खालच्या गावापर्यंत येते. मंग दीड कोस पायी या. धुकं पाहा, नाले पाहा. भोपाळच्या लोकाइले पाय नाईत काय?"

"चिखल होतो हो."

"चिखल धुतला जाते, साहेब."

वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "फक्त नवे कपडे घालून नका येऊ म्हना. मागच्या खेपेले एक बाई पैठणी घालून आली होती माकडं पाहाले."

मग भाऊ जरा गंभीर झाले. ते म्हणाले, तुम्ही सगळे एकदम येता, धुडगूस घालता, आणि मग सहा महिने इथं कुत्रं फिरकत नाही. त्या सहा महिन्यांत वस्तीतली माणसं वीटभट्टीवर जातात. थोडे थोडे लोक बारा महिने आले तर बायकांना स्वयंपाकाचं काम राहील, माणसांना वाट दाखवायचं, आणि कोणाला गाव सोडावं लागणार नाही. "पन थोडे थोडे," ते दोनदा म्हणाले.

आजकाल परिसंवादांतून जे सांगतात ते त्या माणसाने मला ओट्यावर बसून पाच मिनिटांत सांगितलं होतं. मला ते इतकं आवडलं की भोपाळला पोचेपर्यंत ते माझंच झालं. क्लबच्या बैठकीत मी उभा राहून बारमाही पर्यटनाची योजना मांडली. भाऊंचं नाव घेतलं नाही. आणि योजनेतला जो भाग ऐकायला कोणाला आवडणार नव्हता तो गाळला. दोन खोल्या, दोन बादल्या. त्याऐवजी मी सांगितलं की पावसाळ्यापासून सुरुवात करू आणि पुढच्या मे महिन्यात चारही खोल्या देऊ, शिवाय अंगणात दोन तंबू. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, अशी माणसं हवीत.

पहिला पावसाळा मात्र फार चांगला गेला, हे लिहिलं पाहिजे. श्रावणात सहा कुटुंबं दीड कोस चालत वर गेली. आमचे जाडे अकाउंट्स ऑफिसर दोनदा घसरून पडले आणि परत आल्यावर महिनाभर तीच गोष्ट सांगत होते. वस्तीतल्या बायका पाळीपाळीने बंगल्यावर येऊन मक्याच्या भाकरी आणि कुटकीचा भात करत. माझी मुलगी तिथल्या पोरींबरोबर दिवसभर खेकडे शोधत फिरे. त्या वर्षी वस्तीतलं कोणी भट्टीवर गेलं नाही, असं वहिनींनी मला आनंदाने सांगितलं. ते तसंच चाललं असतं. हे मला आज छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, की ते चाललं होतं आणि फक्त तसंच चालू द्यायचं होतं.

फाल्गुनात भाऊंनी जीपच्या ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला: पाणी अर्ध्यावर आलंय, तंबू नका लावू. तोवर मेच्या सगळ्या खोल्या आणि तंबू वाटून झाले होते. मी टाउनशिपमधले चार कामगार, पहारी, फावडी घेऊन निघालो. माझ्या डोक्यात इलाज तयार होता. झऱ्याच्या तळाला गाळ साचलाय, तो काढला की तोंड मोकळं होईल आणि पाणी दुप्पट येईल.

वस्ती दरवर्षी होळीनंतर झरा साफ करत असे. आदल्या वर्षी मी ते पाहिलं होतं. माणसं विळे, कोयते, कमरेच्या चाव्यासुद्धा बाहेर एका दगडावर काढून ठेवत. अनवाणी उतरत, सुकलेल्या भोपळ्याच्या तुंब्यांनी पानं-काड्या उचलत, आणि मग बायका तळाच्या मातीवरून तळहात फिरवत, अंगण सारवतात तसा. झऱ्याला लोखंड चालत नाही म्हणे. मी हसून फोटो काढला होता. बायको म्हणाली होती, "हसू नका. त्यांचं काहीतरी असेल त्यात."

भाऊंनी पहारी बघितल्या आणि ते झऱ्याच्या वाटेवर उभे राहिले.

"हे कायले आनलं, साहेब?"

"तळाला गाळ आहे, भाऊ. दोन फूट तरी असेल."

"गाळ नाई थो. माती हाय. पानी तीच धरते."

"पाणी खालून येतं. तोंड मोकळं केलं की—"

"खालून नाई येत. बाजूनं येते, त्या खडकातून. खालून जाते थे. माती हाय म्हनून थांबलं हाय."

इतक्या स्वच्छ शब्दांत त्यांनी सांगितलं होतं. मी इंजिनियर होतो. मला ते तिथल्या तिथे कळायला हवं होतं. पण कामगार ऐकत होते, आणि मी एरवी भाऊंना अहो-जाहो करणारा, पटकन म्हणालो, "तू आजवर किती टाक्या साफ केल्यास?"

"एकपन नाई," भाऊ म्हणाले. "म्हनून तं झरा हाय अजून."

कामगार खदखदून हसले. माझ्यावर हसले. सगळं सांगायचं ठरवलंय म्हणून हेही सांगतो: झरा मी पाण्यासाठी खोदला नाही, त्या हसण्यासाठी खोदला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंना सामान आणायला बाजारगावी पाठवलं. यादी मुद्दाम लांब केली, दोन दिवस लागतील एवढी. मोहाचे दिवस होते, वस्ती सगळी फुलं वेचायला रानात उतरलेली. झऱ्यावर आम्ही पाच जणच होतो. माती पहारीला सहज आली. तिच्या वड्या पडत होत्या, आतून ओल्या, चकाकणाऱ्या. दोन फूट खाली गेलो, एका कोपऱ्यात तीन. वहिनी कामगारांसाठी चहा घेऊन वर आल्या आणि किटली हातातच धरून उभ्या राहिल्या.

"साहेब, आता पुरे. हात जोडते."

"वहिनी, संध्याकाळी बघा तुम्ही," मी म्हणालो.

संध्याकाळी खड्डा भरला होता. भरणारच होता, खड्डा मोठा झाला होता. मी काठी बुडवून उंची मोजली, काठीवर खूण केली, आणि वहिनींना बोलावून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खुणेच्या वीतभर खाली होतं. दुपारी हातभर. मी कामगारांना सांगितलं, गाळ बसतोय.

भाऊ संध्याकाळी आले. पाठीवरचं पोतं त्यांनी वाटेतच टाकलं. चपला काढून खाली उतरले, मूठभर भुसा मागवला आणि पाण्यावर पसरला. भुसा थोडा वेळ तरंगला. मग हळूहळू एका कोपऱ्याकडे सरकायला लागला, तिथं गोल फिरला आणि खाली गेला. आम्ही तीन फूट गेलो होतो तोच कोपरा.

"पाहा," भाऊ एवढंच म्हणाले.

वस्ती रानातून बोलावली गेली. तीन दिवस सगळे ती माती परत आत भरत होते. बायका ती पायांनी तुडवत होत्या, हातांनी चोपत होत्या, शेण मिसळत होत्या, पुन्हा तुडवत होत्या. मीही उतरलो. एका म्हातारीने माझं मनगट धरलं आणि मला बाहेर आणून सोडलं, अंगणात शिरलेल्या गुराला बाहेर काढावं तसं, रागाशिवाय. मी कडेला उभा राहिलो. माती फुटली ती पुन्हा एक झाली नाही. खडकातून पाणी येत होतं, खड्ड्यात पडत होतं आणि आमच्या डोळ्यांदेखत खाली जात होतं. पाचव्या दिवशी हौदात पाणी आलं नाही. चैत्र नुकता लागला होता आणि पाऊस अडीच महिने लांब होता.

वस्तीच्या बायका खालच्या नाल्यावर जाऊ लागल्या. उतरायला सोपं, हंडा घेऊन चढायला तासभर. आमच्या लोकांची मेची आरक्षणं रद्द झाली, आणि क्लबने विचारलं, झालं काय? लेखी द्या.

त्या वर्षी माझी बढती ठरायची होती. कामात कसूर, परवानगीविना खोदकाम, असं काही फाइलीत लागलं असतं तर ती गेली असती. बढती गेली असती म्हणजे काय, तर मोठं क्वार्टर मिळालं नसतं. एवढंच. उपाशी मरणार नव्हतो. मी जेवणाच्या टेबलावर बसून अहवाल लिहिला. केअरटेकरने पाणी वाढवण्यासाठी झरा खोदण्याचा आग्रह धरला. स्थानिक जाणकार म्हणून त्याच्या सल्ल्यावर विसंबून काम करण्यात आलं. तळाच्या मातीबद्दल त्याने कोणतीही सूचना दिली नाही. चूक त्याला मान्य आहे. खाली त्याच्या सहीची जागा सोडली. झरा वस्तीचाही असल्यामुळे एक प्रत गावच्या सरपंचाला, असं शेवटी लिहिलं. कार्यालयीन सवय.

सहीसाठी भाऊंना भोपाळला बोलावलं. ते आमच्या क्वार्टरवर आले, वहिनींनी माझ्या मुलीसाठी दिलेली चारोळीची पुरचुंडी घेऊन. बायकोने पोहे केले. भाऊंना सही करता येत होती, वाचता येत नव्हतं.

"वाचून दाखवा, साहेब," ते म्हणाले.

मी कागद हातात धरला आणि वाचलं, "यंदाच्या कडक उन्हाळ्यामुळे झरा आटला. यात कोणाचाही दोष नाही. केअरटेकरने आपलं काम चोख केलं."

असं मी वाचलं. ओळीवरून बोट फिरवत, मध्ये थांबत, खरं वाचल्यासारखं.

भाऊंनी पेन हातात घेतलं. मग म्हणाले, "कोनाचा दोष नाई म्हनता, ठीक हाय. लिहिलं तं लिहिलं. तुमालेबी लेकरू हाय." म्हणजे ते मला वाचवत होते. उन्हाळ्याने झरा आटला हे खोटं आहे हे त्यांना माहीत होतं, आणि माझ्यासाठी ते त्या खोट्याखाली सही करत होते. जीभ किंचित बाहेर काढून त्यांनी एक एक अक्षर काढलं.

ते गेल्यावर बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. "तुम्ही वाचलंत ते मी ऐकलं," ती म्हणाली. "आणि टेबलावरचा कागद सकाळीच वाचला होता." मी वर पाहिलं नाही. ती पुढं तीस वर्षं माझ्याबरोबर राहिली. त्या कागदाबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. चारोळी मात्र तिने कशातही घातली नाही. पुरचुंडी फडताळात तशीच राहिली, किडली, आणि एक दिवस दिसेनाशी झाली.

भाऊंना कामावरून कमी केलं. सरपंचाकडे गेलेली प्रत शाळेच्या मास्तरांनी सगळ्या वस्तीसमोर वाचली. खोदणारे भोपाळचे होते हे लोकांना माहीत होतं. आता त्यांनी ऐकलं की खोदायला भाऊंनीच सांगितलं आणि मातीबद्दल ते बोलले नाहीत. खाली त्यांची सही होती. जीपच्या ड्रायव्हरने मला पुढचं सांगितलं. नाल्यावर वहिनी आल्या की बाकीच्या बायका हंडे उचलून बाजूला होत. आषाढ लागायच्या आत ते दोघं दरी सोडून गेले. त्यांच्यामागे वस्तीतली बाकीची घरंही एकेक करून भट्टीच्या वाटेला लागली.

मला बढती मिळाली.

दरी आज खरंच बारमाही आहे. क्लबचा बंगला सुटला, पण नंतर दुसऱ्यांची हॉटेलं आली, वरपर्यंत डांबरी रस्ता झाला. मेमध्ये घाटातून पाण्याचे टँकर चढतात. मुलीने तिकडून फोटो पाठवला होता, पोहण्याच्या तलावाचा. त्याच्या कडेला, कुंपणापलीकडे, रंगीत कॅन घेऊन उभ्या असलेल्या बायका होत्या. मुलीला त्या दिसल्याही नसाव्यात.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी भोपाळच्या जवाहर चौकात मी भाजी घेत होतो. मागून कोणी म्हणालं, "साहेब, तब्येत बरी हाय ना?" भाऊ होते. पार वाळलेले, हातात खताची पिशवी. शाहपुऱ्यात एका बंगल्यावर माळीकाम करत होते. म्हणजे किती वर्षं आम्ही एकाच शहरात राहत होतो कोण जाणे. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, बायकोची केली. मी वहिनींचं विचारलं.

"गेली थे. दोन वर्सं झाले."

मी काहीतरी पुटपुटलो. मग ते म्हणाले, "शेवटपर्यंत तिले एकच लागलं होतं. गावचे म्हनत, त्या कागदात भलतंच लिहिलं हाय, अन् तू सही केली. मी म्हनलं, नाई. साहेबानं मले सोता वाचून दाखवलं हाय. मास्तरच चुकीचं वाचला असन."

एवढं बोलून ते थांबले. माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांचा खरोखर विश्वास होता, की ते मला बोलायला जागा करून देत होते, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. आजूबाजूला माणसं चालली होती, भाजीवाली सुटे मागत होती. मी म्हणालो, "चहा घेता का?"

"नको. झाडाइले पानी सोडून आलो हाय," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडून गेले.

शाहपुऱ्याला जायला मला तीन आठवडे लागले. रोज सकाळी कपडे करायचो आणि तिथल्या तळ्याच्या वळणावरून परत यायचो. शेवटी बंगला सापडला तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "माळीबाबा? ते आजारी पडले. पुतण्या येऊन घेऊन गेला." कुठल्या गावी, ते त्यांना माहीत नव्हतं. कधीतरी निरोप येईल म्हणून त्यांनी माझा नंबर लिहून घेतला. पावसाळ्याच्या आधी त्यांचा फोन आला, की ते वारले.

या मजकुराची एक प्रत मी दरीतल्या पंचायतीला पाठवतो आहे. तिथं आता ज्यांना भाऊ आठवतील अशी किती घरं राहिलीत मला माहीत नाही. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचावं, असं वर लिहिलंय. जे मला जवाहर चौकात म्हणायचं होतं, आणि त्याआधी पोह्यांच्या बशीसमोर म्हणायचं होतं, ते असं:

भाऊ, मी तुम्हाला कागद खोटा वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की झरा खोदायला तुम्ही सांगितलंत. तुम्ही वाट अडवून उभे होतात. मास्तरांनी बरोबर वाचलं होतं. वहिनींनाही मी हे सांगायला हवं होतं. माझं चुकलं. मला माफ करा.